खोडदची दुर्बीण आणि यंत्राचा जकातनाका

नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखविला जातो. कोंकणांतून जुन्नरकडे येणारा माल तेथें मोजला जाई, असें परंपरा सांगते. त्याच जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, आज निराळाच माल येतो. तो म्हणजे आकाशांतील रेडिओलहरी. त्यांनाहि एक नाका ओलांडावा लागतो. त्याचा हा वृत्तांत.

प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या कल्पनेंतून ही दुर्बीण उभी राहिली. जुन्नर-आंबेगांवचा हा मुलूख शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर आणि डोंगरांच्या आडोशाचा. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटर टापूंत पसरल्या आहेत. २००१ सालीं दुर्बिणीचें लोकार्पण झालें. प्रत्येक तबकडीचा संदेश कांचतंतूवरून खोडदला येतो आणि सर्वांचा मेळ घातल्यावरच चित्र उमटतें.

हा मेळ प्रथम खास घडविलेल्या यंत्रांनीं घातला जाई. २०१० च्या सुमारास बाजारांत मिळणाऱ्या संगणकांचा समूह, लिनक्स प्रणालीवर, तें काम करूं लागला. पुढें तरंगपट्टी ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० पर्यंत रुंदावली. पट्टीच्या दुप्पट नमुने घ्यावे लागतात. म्हणजे एका संदेशाचे सेकंदाला ८० कोटि! संगणकांना जोडणारें नेटवर्क कार्ड हाच येथें जकातनाका ठरला.

असें कार्ड निवडावें कसें? केवळ वेग पाहून भागत नाहीं. त्याचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्सच्या गाभ्यांत आहे काय, आणि संगणकाची खांचणी तो वेग पेलते काय, हें आधीं पाहावें. नंतर पत्ता द्यावा आणि पॅकेटचा आकार ठरवावा. दहा गिगाबिटच्या मार्गावर १५०० बाइटांचीं पॅकेटें घेतलीं, तर सेकंदाला आठ लाखांहून अधिक येतात. ९००० बाइटांचीं घेतलीं, तर सुमारें १ लाख ४० हजार. जितकीं पॅकेटें कमी, तितकी प्रोसेसरची धांवपळ कमी. मात्र वाटेंतील प्रत्येक यंत्रानें तोच आकार मानला पाहिजे. शेवटीं ‘ईथटूल’ या आज्ञेनें ठरलेला वेग आणि गळालेल्या पॅकेटांची संख्या तपासावी. केबलमधील एक तार तुटली, तरी गिगाबिटचा मार्ग शंभर मेगाबिटवर घसरूं शकतो.

एवढी दक्षता कां? पत्र हरवलें तर तें पुन्हा मागवितां येतें. परंतु स्पंदतारकेचा जो ठोका हजारों वर्षें प्रवास करून खोडदला पोंचला, तो नाक्यावर सांडला तर पुन्हा मागावा कोणाकडे? नाणेघाटांतील चुकलेला हिशेब दुसऱ्या दिवशीं भरून काढतां आला असेल. आकाशाचा हिशेब त्याच क्षणीं चोख ठेवावा लागतो.