विकत घेतलेले कुलूप

फोन विकत घेणाऱ्या माणसाला आपण नेमके काय विकत घेतले, हा प्रश्न सहसा पडत नाही. पैसे दिले, पावती घेतली, की वस्तू आपली झाली, असे आपण धरून चालतो. परंतु ज्या फोनमध्ये एकाच कंपनीचे सिम कार्ड चालते आणि दुसरे घातले तर जो मुका राहतो, तो फोन घेणाऱ्याच्या मालकीचा किती आणि विकणाऱ्याच्या ताब्यात किती? गेल्या सुमारे सत्तर वर्षांत हा प्रश्न निरनिराळ्या वेषांत न्यायालयांपुढे आणि कायदेमंडळांपुढे आला आहे. त्याचा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम हे कुलूप असते कसे ते पाहू. प्रत्येक सिम कार्डावर ग्राहकाची ओळख सांगणारा एक आकडा नोंदलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. पुढचे दोन-तीन अंक कंपनीचे. कुलूपबंद फोन सुरू होताना हे अंक वाचतो आणि आपल्या पोटात साठवलेल्या अंकांशी ताडून पाहतो. जुळले तर दार उघडते, नाही तर नाही. म्हणजे फोनच्या अंगी दुसऱ्या जाळ्यावर बोलण्याची शक्ती असते, पण त्याला तशी मनाई केलेली असते. ही अशक्तता नव्हे, बंदी आहे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

अशा बंदीचा उगम मोबाइलपेक्षा जुना आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीची दूरध्वनीवर जवळजवळ एकाधिकारशाही होती तेव्हा घरातले यंत्रही कंपनीचेच असे. ग्राहक त्याचे भाडे भरी. त्या यंत्राला बाहेरची कोणतीही वस्तू जोडू नये, असा नियम होता. ‘हश-ए-फोन’ नावाचे एक पेल्यासारखे साधे साधन मुखाशी बसवले की बोलणे शेजारच्याला ऐकू जात नसे. कंपनीने त्यालाही हरकत घेतली आणि संदेशवहन आयोगाने ती उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जे काम माणूस हाताची ओंजळ धरून करू शकतो ते पेल्याने केले तर बिघडते काय, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे टेक्सासच्या टॉमस कार्टर यांनी बिनतारी संच आणि दूरध्वनी यांना जोडणारे ‘कार्टरफोन’ बनवले. १९५९ ते १९६६ या काळात त्याचे सुमारे ३,५०० नग विकले गेले. १९६८ मध्ये आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निर्णय दिला. जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहकाने आपले यंत्र जोडावे, हे तत्त्व मान्य झाले. उत्तर नोंदवणारी यंत्रे, फॅक्स, मोडेम यांची वाट त्यातूनच मोकळी झाली.

मोबाइल आला आणि हे तत्त्व जणू विस्मृतीत गेले. कंपन्यांचा युक्तिवाद मात्र या वेळी वेगळा होता, आणि तो सरसकट खोटा म्हणता येणार नाही. महागडा हँडसेट आम्ही स्वस्तात देतो, फरकाची रक्कम दोन-तीन वर्षांच्या बिलांतून वसूल करतो. तोवर ग्राहक पळून जाऊ नये म्हणून कुलूप, असे त्यांचे म्हणणे. ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत त्याला या व्यवहाराने फोन मिळाला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण कर्जाची हमी म्हणून लावलेले कुलूप कर्ज फिटल्यावर आपोआप निघावे, ही अपेक्षाही तितकीच न्याय्य आहे. ती बहुधा पुरी झाली नाही.

कुलुपाला कायद्याचे बळ मिळाले ते अनपेक्षित दिशेने. १९९८ मध्ये अमेरिकेत डिजिटल काळासाठी स्वामित्वहक्काचा नवा कायदा झाला. चित्रपट, संगीत, ग्रंथ यांच्यावरील तांत्रिक कुलपे फोडू नयेत, हा त्याचा हेतू. फोनमध्येही संगणकप्रणाली असते, म्हणून फोनचे कुलूप उघडणे हाही त्याच कायद्याचा भंग ठरू शकतो, असा अर्थ पुढे आला. या कायद्याखाली दर तीन वर्षांनी सवलती देण्याचा अधिकार ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या ग्रंथपालांकडे आहे. २००६ मध्ये त्यांनी फोन उघडण्याला सवलत दिली. हे कुलूप लेखनाचे रक्षण करत नाही, धंद्याच्या पद्धतीचे करते, असा त्यामागचा निष्कर्ष होता. फोन दुसऱ्या जाळ्यावर न्यावा की नाही, याचा निर्णय एका ग्रंथपालाच्या हाती असावा, ही कायद्याच्या इतिहासातील विलक्षण विसंगती होय.

२९ जून २००७ रोजी आयफोन विक्रीस आला, तो अमेरिकेत केवळ एटी अँड टीसाठी. दोन महिन्यांच्या आत न्यू जर्सीतील जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने त्याचे कुलूप उघडून दाखवले. सप्टेंबरमध्ये ॲपलने नवी प्रणाली पाठवली आणि उघडलेले अनेक फोन निकामी झाले. सवलत ग्राहकाला होती. कुलूप न लावण्याचे किंवा पुन्हा न लावण्याचे बंधन कंपनीवर नव्हते. २०१२ मध्ये तर ग्रंथपालांनी नव्या फोनांपुरती सवलत नाकारली. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीच्या संमतीवाचून उघडणे बेकायदा ठरले. त्याविरुद्ध व्हाइट हाउसकडे गेलेल्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामा यांच्या सहीने ती सवलत कायद्याने परत आली.

आपल्याकडे हाच पेच आणखी तीव्र रूपात उभा राहिला. रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए तंत्राचे फोन आणले, त्यांत सिम कार्डच नव्हते. ग्राहकाची ओळख यंत्रातच कोरलेली. पायोनियर योजनेत ३,३५० रुपये भरून १०,५०० रुपये किमतीचा हँडसेट मिळे आणि तीन वर्षांचे बंधन असे. या फोनांचे इलेक्ट्रॉनिक क्रमांक बदलून ते टाटा इंडिकॉमच्या जाळ्यावर नेले जातात, अशी तक्रार २००३ मध्ये हैदराबादेत झाली. २००५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने फोन हा संगणकच होय असे मानले आणि असा बदल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा होऊ शकतो, असे म्हटले. या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आरोप प्रतिस्पर्धी कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर होते, सामान्य ग्राहकांवर नव्हे. तरीही करारभंग आणि गुन्हा यांमधली रेषा येथे पुसट झाली, असे आम्हांस वाटते. हप्ता बुडवणाऱ्यावर दिवाणी दावा होतो; कुलूप उघडणाऱ्यावर फौजदारी का व्हावी?

हमीचा युक्तिवाद किती लवचिक असतो हेही भारतातच दिसले. ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन यांनी ८ जीबीचा आयफोन सुमारे ३१,००० रुपयांना आणला. किंमत पुरी, सवलत नाही, तरी कुलूप होतेच. जिथे कर्जच नाही तिथे हमी कशाची? हँडसेट आणि सिम वेगवेगळे घेण्याची आपली बहुसंख्यांची सवय मात्र टिकली. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोयही झाली. तरीही २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आलेला जिओफोन एकाच जाळ्याशी बांधलेला होता. स्वस्ताईबरोबर बंधन येते, हा नियम गरिबाच्या फोनापुरता उरला.

यातून वाट नाही असे नाही. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन कुलपाविनाच विकण्याचा नियम केला; ब्रिटनने डिसेंबर २०२१ मध्ये कुलूपबंद फोनांची विक्री थांबवली. हप्त्यांचा करार त्यासाठी मोडावा लागला नाही, कारण तो कागदावर जसाच्या तसा राहू शकतो. अमेरिकेने कुलूप उघडणाऱ्याला क्षमा केली. या दोन देशांनी कुलूप लावणाऱ्याला अडवले. मालकीचा प्रश्न दुसऱ्या मार्गानेच सुटतो. ज्या वस्तूची किंमत आपण पुरी चुकती केली, ती वापरण्यासाठी कोणाची क्षमा लागू नये.