मूत्रपिंडाचा तुकडा काचेवर कसा आला

गोष्ट लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधून सुरू होते. तिथले डॉ. रिचर्ड ब्राइट अंग सुजलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंड्याचा पांढरा भाग शिजावा तशी ती थिजली, की प्रथिनं वाहून जाताहेत हे कळे. रुग्ण गेला की शवविच्छेदनात मूत्रपिंडं बघायची. १८२७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढची शंभरेक वर्षं असे बहुतेक रुग्ण ‘ब्राइट्स डिसीज’ या एकाच नावाखाली जमा होत राहिले.

मायक्रोस्कोप होता की! रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे बारीक गोळे माल्पिगींनी सतराव्या शतकातच पाहिले होते. पण काचेवर यायचं ते बहुधा मेलेल्या माणसाचं मूत्रपिंड, म्हणजे आजाराचा शेवट. त्याची सुरुवात कशी दिसते, हे कोण सांगणार?

जिवंत माणसाच्या पाठीतून, रक्ताने भरलेल्या अवयवात सुई घालायची हे धाडसच. स्वीडनमध्ये निल्स आल्वाल यांनी १९४४ मध्ये ते सुरू केलं. एक रुग्ण दगावला आणि त्यांनी काम थांबवलं. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी आपला अनुभव छापला. ते रुग्णाला बसवून सुई घालत. पुष्कळदा हाती काहीच लागत नसे. १९५४ मध्ये शिकागोच्या कार्क आणि म्युअर्की यांनी रुग्णाला पालथं झोपवलं, आधी बारीक सुईने मूत्रपिंड चाचपलं. (श्वासाबरोबर सुई डोलली, की समजायचं सापडलं.) शंभरात शहाण्णव वेळा निदान करता आलं. मला विचाराल तर या इतिहासातली सगळ्यात मोठी युक्ती ही पालथं झोपवण्याचीच!

आता गंमत बघा. अंग सुजलेलं लहान मूल, लघवीत भरपूर प्रथिनं, आणि साध्या मायक्रोस्कोपखाली गोळे जवळजवळ निरोगी! १९५७ च्या सुमारास इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवलं, की त्या गोळ्यांना बाहेरून धरून बसलेल्या पेशींचे बोटांसारखे पाय सपाट झालेत. हा ‘मिनिमल चेंज’. असं मूल बहुधा स्टेरॉइडने सुधारतं. शेजारच्या खाटेवर तितकंच सुजलेलं दुसरं मूल. त्याच्या काही गोळ्यांत वण धरलेले दिसतात, आणि तिथे तेच औषध पुष्कळदा हात टेकतं. चमच्यातली लघवी मात्र दोघांचीही सारखीच थिजणार.

१९६८ मध्ये पॅरिसच्या ज्याँ बेर्जे आणि निकोल इंग्ले यांनी चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं तुकड्यावर सोडली. गोळ्यांच्या मधोमध आयजीए साचलेलं उजळून दिसलं. तोवर या आजाराला स्वतःचं नावच नव्हतं.