औषध तेच, पण यीस्ट बदललं: रोगकारक बुरशी औषधांना कशी चुकवते?

मेडिकलमधून ट्यूब आणायची, चार दिवस लावायची, खाज थांबली की कपाटात टाकायची. दोन महिन्यांनी खाज परत येते आणि या वेळी तीच ट्यूब काही काम करत नाही. भूम-परांड्यापासून उमरग्यापर्यंत, धाराशिव जिल्ह्यात कुणालाही हे ओळखीचं वाटेल. आपण लगेच म्हणतो, "औषध डुप्लिकेट निघालं." कधी निदानच चुकलेलं असतं, कधी डोस अपुरा पडतो. पण कधी कधी औषध अगदी बरोबर असतं, समोरची बुरशीच बदललेली असते. ती कशी बदलते ते बघू.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट ही एकाच पेशीची बुरशी. पाव फुगवणारं आणि ताडी आंबवणारं यीस्ट आपल्या उपयोगाचं. कँडिडा हा त्यांचाच नातेवाईक. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात तो गुपचूप राहतो. शुगर वाढली, प्रतिकारशक्ती कमी झाली किंवा अँटिबायोटिकमुळे शेजारचे बॅक्टेरिया मेले, की त्याला मोकळं रान मिळतं. मग जिभेवर पांढरा थर, जांघेत लाल चट्टे, स्त्रियांमध्ये खाज आणि दह्यासारखा स्राव असे त्रास सुरू होतात. आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तात तो शिरला तर जीवावर बेततं.

एक लक्षात ठेवा: गजकर्ण म्हणजे यीस्ट नाही, ती वेगळ्या प्रकारची बुरशी. पण औषध अर्धवट सोडण्याचा धोका दोन्हीकडे आहे.

बुरशीवर औषधं इतकी कमी का?

बॅक्टेरियाची पेशी आपल्यापेक्षा खूप वेगळी असते, त्यामुळे फक्त तिलाच मारणारं औषध शोधणं तुलनेनं सोपं. यीस्टची पेशी मात्र आतून बरीचशी आपल्यासारखी. म्हणून जे तिच्यात आहे आणि आपल्यात नाही, तिथेच वार करावा लागतो. मुख्य गट तीन:

- अझोल (उदा. फ्लुकोनॅझोल): आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, यीस्टच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल. ते बनवणारं एन्झाइम हे औषध बंद पाडतं.
- पॉलीन (उदा. अँफोटेरिसिन बी): हे थेट एर्गोस्टेरॉललाच चिकटतं आणि पडदा निकामी करतं. याच गटातलं हॅमायसिन 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधलं गेलं.
- एकायनोकँडिन (उदा. कॅस्पोफंजिन): पेशीची बाहेरची भिंत बांधू देत नाही.

म्हणजे एक गट निकामी झाला की डॉक्टरांच्या हातात दोनच उरतात.

औषध चुकवण्याच्या चार युक्त्या

1. कुलूप बदलणं. अझोल ज्या एन्झाइमवर बसतं, त्याचा कोड ईआरजी11 या जीनमध्ये असतो. त्यात एखादं अक्षर बदललं की एन्झाइम काम करत राहतं, पण औषध त्यावर नीट बसत नाही.

2. पंप लावणं. विहिरीत पाणी येतंय तेवढं मोटर उपसतेय, तसंच. यीस्टच्या पडद्यावरचे पंप आत आलेलं औषध बाहेर फेकतात. कँडिडातला असा सीडीआर1 हा पंप 1995 मध्ये जेएनयूचे राजेंद्र प्रसाद आणि त्यांच्या बेल्जियममधल्या सहकाऱ्यांनी ओळखला.

3. कॉपी-पेस्ट. काही यीस्ट क्रोमोसोमचा अख्खा तुकडाच जास्तीचा बनवतात. कँडिडा अल्बिकन्समध्ये पाचव्या क्रोमोसोमची एक बाजू डबल झालेली आढळते. त्याच बाजूवर ईआरजी11 आहे आणि पंप चालू करणारा टीएसी1 जीनही. एका झटक्यात दोन्ही फायदे!

4. बायोफिल्म. सलाइनच्या नळीवर, कॅथेटरवर यीस्ट एकत्र येऊन चिकट थर बनवतात. आतल्या पेशींपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. म्हणून बऱ्याचदा नळीच बदलावी लागते.

यात यीस्ट "विचार" करत नाही. बदल आपोआप, रँडम होतात. दर दोन तासांनी पेशी दुप्पट होते असं धरलं, तर एका पेशीच्या 24 तासांत 4,096 होतात. इतक्या कॉपींमध्ये एखादा "बग" येणारच. औषध बाकीच्यांना मारतं, तो बगवाला वाचतो आणि पुढची पिढी त्याचीच. अर्धवट कोर्स म्हणजे नेमकं हेच: कमजोर मेले, चिवट उरले.

शरीराशी जुळवून घेणं

37 अंश तापमान आणि रक्तातले घटक मिळाले की कँडिडा अल्बिकन्स गोल आकार सोडून लांब धाग्यासारखा वाढतो आणि पेशींच्या थरात घुसतो. हे धागे कँडिडालायसिन नावाचं विष सोडतात, जे आपल्या पेशींना भोकं पाडतं. ते 2016 मध्ये उजेडात आलं. शिवाय आपली रोगप्रतिकार यंत्रणा भिंतीतलं जे ग्लुकान ओळखते, ते यीस्ट वरच्या थराखाली झाकून ठेवतं. पांढऱ्या रक्तपेशीनं गिळलं तरी आत धागा वाढवून ती फोडून बाहेर पडतं.

कँडिडा ऑरिस: आजची खरी डोकेदुखी

2009 मध्ये जपानमधल्या एका महिलेच्या कानातून हे यीस्ट ओळखलं गेलं. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. 2013 मध्ये दिल्लीतल्या हॉस्पिटलांमधले रुग्ण नोंदले गेले. ते त्वचेवर, बेडवर, उपकरणांवर टिकतं आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातं. अमेरिकेच्या सीडीसीनुसार तिथले सुमारे 90 टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्वांत धोकादायक चार बुरशींच्या गटात त्याला टाकलं.

ते आलं कुठून? 2021 मध्ये भारतीय संशोधकांना ते अंदमानच्या किनाऱ्यावर आणि खाऱ्या दलदलीत सापडलं. दलदलीतला एक नमुना औषधांना बळी पडणारा होता आणि जास्त तापमानात हळू वाढत होता. बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची उष्णता सोसत नाही, तेच आपलं मोठं संरक्षण. तापत्या हवामानामुळे काही बुरशी ही भिंत ओलांडायला शिकल्या असाव्यात, असा एक अंदाज आहे. चाळिशी पार करणाऱ्या उन्हाळ्याची सवय असलेल्या मराठवाड्यानं याकडे लक्ष द्यायला हवं.

शेतीचाही मुद्दा आहे. द्राक्षावरच्या भुरीसाठी फवारतात ती हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही औषधं अझोल कुटुंबातलीच. अॅस्परजिलस या बुरशीत शेतातल्या अझोलमुळे प्रतिकार वाढल्याचे पुरावे आहेत. 2022 मध्ये दिल्लीच्या संशोधकांना साठवलेल्या सफरचंदांवर कँडिडा ऑरिसही मिळालं.

मग आपण काय करायचं?

- खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.
- ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइड आहेत. खाज दबते, पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी पसरते. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला आहे.
- मित्राला लागू पडलेली गोळी स्वतः घेऊ नका, व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी तर अजिबात नको.
- इन्फेक्शन वारंवार होत असेल तर शुगर तपासा आणि डॉक्टरांना कल्चर टेस्टबद्दल विचारा. कोणतं यीस्ट आहे आणि कोणतं औषध चालेल, हे त्यातून कळू शकतं.
- हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटण्याआधी आणि नंतर हात धुवा.

फोनला सिक्युरिटी पॅच दर महिन्याला येऊ शकतो. बुरशीवरच्या औषधाचा नवा गट यायला मात्र दशकं लागतात. म्हणून आहेत ती औषधं जपून वापरणं आपल्याच हातात आहे.