हाली सिक्क्याच्या वह्या कुणाला द्यायच्या?

काचीगुड्याचं आमचं जुनं घर बिल्डरला दिलं आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये काय काय मावणार, याचा हिशेब गेले दोन महिने चालू आहे. पितळेची भांडी, पाट, मोडका ग्रामोफोन यांचा निकाल आठवड्यात लागला. अडलं ते आजोबांच्या लोखंडी पेटीपाशी. निजामाच्या राज्यात राहिलेल्या बऱ्याच मराठी घरांत अशी पेटी असणार, म्हणून लिहितो.

पेटीत जमाखर्चाच्या अकरा वह्या. प्रत्येक पानावर रकमेचे दोन रकाने, 'हाली' आणि 'कलदार'. नव्या पिढीला सांगायला हवं की हैदराबाद संस्थानाचं चलन वेगळं होतं. नाव उस्मानिया सिक्का, बोलण्यात हाली. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणून शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. (बँकेत जन्म गेला, त्यामुळे गणित लगेच ताडून पाहिलं. बरोबर आहे.) काका पुण्यात शिकायला होते. त्यांना ३० कलदार धाडायचे तर आजोबा ३५ हाली खर्ची टाकत. तारखा फसली सनाच्या: बहमन, खुर्दाद, अमरदाद. सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो. एकादशी मात्र त्याच ओळीत आपल्या तिथीने!

वह्यांखाली पाच नोटा आणि थोडी नाणी. नाण्यावरच्या चारमिनारच्या कमानीत एक अक्षर दिसतं, ते उस्मान अलींचं 'ऐन'. नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम छापलेली.

तळाशी अण्णांची मॅट्रिकची सनद, सगळी उर्दूत. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचं, तेव्हा पुढे शिकायचं तर उर्दू आलीच पाहिजे. आमच्या घरात ती वाचणारे अण्णाच शेवटचे. शेजारच्या निवृत्त मास्तरसाहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून वाचलं, "मादरी ज़बान, मरहटी." मग म्हणाले, "साहब, इसे फेंकना नक्को." त्यांचा तो 'नक्को' आपल्याच 'नको'चा भाऊ.

मुलगा डॅलसहून म्हणतो, "बाबा, स्कॅन करा आणि रद्दीत द्या." टाकायला माझा हात थरथरत नाही. बँकेत काही रेकॉर्ड पाच वर्षं, काही आठ वर्षं सांभाळून, यादी करून नष्ट करत होतोच. पण इथे मी एकच कसोटी लावली, की हे दुसरीकडे कुठे मिळेल का? सरकारी दप्तर तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे. ज्वारी कितीला घेतली, ताईच्या बाळंतपणाला डिंक किती आणला, हे तिथे मिळणार नाही. पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ची. वहीत त्या पाच दिवसांना एकही खर्च नाही. पुढची नोंद दुधाची, दोन आणे. आजोबा एक दिवसही हिशेब चुकवत नसत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच त्या कोऱ्या जागेचा अर्थ कळतो.

१९५१मध्ये हाली काढणं थांबलं, तरी १९५९पर्यंत ते रद्द झालं नव्हतं. आजोबा शेवटच्या वहीतही दोन रकाने आखत राहिले, एक रिकामाच. त्याच काळात, १ नोव्हेंबर १९५६ला, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. थोरले काका नांदेडला गेले, आम्ही इथेच राहिलो. एका घराचे दोन राज्यांत दोन भाग झाले.

आता ठरलंय असं: नऊ वह्या नांदेडच्या चुलतभावाकडे, त्याचा नातू इतिहास शिकतोय. १९४८ची आणि शेवटची माझ्याकडे, सुती कापडात गुंडाळून. सनद काचेत लावायची नाही, उजेडाने शाई उडते. राहिल्या नोटा. त्या पाच आणि आम्ही भावंडं चार. पाचवी कुणाची, यावर अजून फोन चालू आहेत.