बडोद्याच्या करारापासून पंच्याहत्तर जागांपर्यंत

जून 1913मध्ये बडोदा संस्थान आणि भीमराव आंबेडकर यांच्यात करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. महाराष्ट्र शासनाच्या आजच्या परदेश शिष्यवृत्तीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण त्या कराराचे बळ आणि त्याची अडचण, दोन्ही या योजनेच्या वाट्याला आली आहेत. मुदत संपली आणि 1917 साली बाबासाहेबांना लंडनमधले अर्थशास्त्राचे आणि ग्रेज इनमधले कायद्याचे शिक्षण अर्ध्यावर सोडून यावे लागले. परत जायला 1920 उजाडले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, नवल भथेना या मित्राने दिलेले उसने पैसे आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, एवढ्या आधारावर ते बॅरिस्टर झाले.

शिष्यवृत्तीवर शिकलेल्या या विद्यार्थ्याने सरकारी पैशाच्या हिशेबाचा प्रश्न पुढे कधीच सोडला नाही. कोलंबियातला त्यांचा प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. मे 1949मध्ये संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली, तेव्हा या अधिकाऱ्याचे काम न्यायसंस्थेहूनही मोठे आहे, त्याला तेवढेच स्वातंत्र्य हवे, असे त्यांनी ठामपणे मांडले. परदेशातल्या शिक्षणाने देशाला काय मिळाले, असे कुणी विचारले तर मी आधी या भाषणाकडे बोट दाखवीन.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. 1942मध्ये मजूरमंत्री असताना त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना निवेदन दिले, त्यात अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. 1944मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली. 1954-55पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती चालू आहे. राज्याची स्वतःची योजना मात्र 2003मध्ये आली आणि तिला नाव मिळाले राजर्षी शाहू महाराजांचे. ते नाव योग्यच. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची ही योजना पुण्याचे समाजकल्याण आयुक्तालय चालवते. थोड्या जागांवर सुरू झालेली ही योजना आज 75 जागांपर्यंत आली आहे. विधी शाखा तिच्यात आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी वयाची अट 35, पीएच.डी.साठी 40. शिक्षणशुल्क शासन भरते. निर्वाहभत्ता ब्रिटनसाठी वर्षाला 9,900 पौंड आणि अमेरिकेसाठी 15,400 डॉलर असा ठरला. लंडनमध्ये राहणाऱ्याला तो पुरवून पुरवून वापरावा लागतो.

योजना सुरू झाली त्याच वर्षी, 31 ऑक्टोबर 2003 रोजी, संयुक्त राष्ट्रांनी भ्रष्टाचारविरोधी करार मंजूर केला. भारताने त्याला अंतिम मान्यता दिली 2011 साली. भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणाऱ्यांना, विशेषतः विकसनशील देशांतल्या, प्रशिक्षण मिळावे, यासाठी या करारात स्वतंत्र कलम आहे, साठावे. व्हिएन्नाजवळच्या लाक्सनबुर्गमध्ये आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी अकादमी उभी राहिली. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात भ्रष्टाचाराच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. लाच आता एका टेबलापुरती राहिलेली नाही. पैसा तीन देशांतल्या कंपन्यांमधून फिरतो, आणि तो शोधून परत आणायचा तर परक्या देशाच्या न्यायालयात काय मागायचे हे माहीत असलेला वकील लागतो.

हे सगळे नाशिकच्या सातपूरमध्ये बसून का लिहायचे? या वसाहतीतली मुले आता वकील होऊ लागली आहेत म्हणून. महिंद्रा, सीएट, मायको या कंपन्यांनी त्र्यंबक रस्त्याच्या या बाजूला कामगारांची पिढी वसवली. त्यांची मुले आणि नातवंडे एनबीटी लॉ कॉलेजात शिकतात आणि जिल्हा न्यायालयात उभी राहतात. जातपडताळणीचा दाखला, घरकुलाचा हप्ता, सातबाऱ्यावरची नोंद या कामांसाठी हात पुढे झाला की सर्वांत आधी पोळतो तो याच घरांतला माणूस. म्हणून या विषयाचा वकील याच घरांतून यावा, असे मला मनापासून वाटते.

काम सोपे नाही. 1957मध्ये स्थापन झालेला राज्याचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळे लावतो, नाशिक परिक्षेत्रातही लावतो. मागणीची पडताळणी होते, पावडर लावलेल्या नोटा पंचांसमोर हातात जातात, दुसऱ्या दिवशी बातमी येते. खरी लढाई त्यानंतरची. खटल्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19खाली वरिष्ठांची मंजुरी लागते. वर्षे जातात, तक्रारदार फितूर होतो किंवा या जगातच राहत नाही. या कायद्यातल्या 2018च्या दुरुस्तीने दोन वर्षांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले. डिसेंबर 2022मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, तक्रारदाराची साक्ष हाती नसली तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतो. फार मोठा निकाल आहे. पण तो पुरावा साखळीसारखा जोडून मांडणारा सरकारी वकील तालुक्याच्या पातळीपर्यंत तयार व्हायला हवा. ते कसब एका व्याख्यानाने येत नाही.

शिष्यवृत्तीची सध्याची रचना इथे आड येते. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत हवे, ही अट पैसा वाया जाऊ नये म्हणून घातली आहे, तिचा हेतू चांगला आहे. पण लाक्सनबुर्गच्या अकादमीसारखी एकाच विषयाची संस्था अशा यादीत बसत नाही. केंद्राच्या योजनेत तर 2022पासून भारताच्या संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषयच वगळले आहेत. आपल्याच समाजातल्या लाचखोरीवर परदेशात संशोधन करू पाहणाऱ्याला ही मोठी अडचण आहे.

75पैकी किमान दोन जागा भ्रष्टाचारविरोधी कायद्यासाठी राखाव्यात आणि त्या दोन जागांना क्रमवारीची अट लावू नये. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या करारातली परतून काम करण्याची अटही त्यांना जोडावी. दहा वर्षे नकोत, तीन पुरेत. ती तीन वर्षे परतलेल्या वकिलाने आपल्या विभागातल्या लाचेच्या खटल्यांत सरकारी वकिलाच्या बाजूला बसावे, पगार राज्याने द्यावा. नाशिक परिक्षेत्रात धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगरही येतात. पहिली नेमणूक नंदुरबारला व्हावी.