पाटा वाढवणाऱ्यांच्या गावात गाडी खाली बसवताना

मागच्या भागानंतर जळगावहून एकाचा मेसेज आला. "भो, गाडी खाली बसवायचीय, स्प्रिंग कुठल्या घेऊ?" प्रश्न दोन ओळींचा, पण उत्तर देण्याआधी माझी फजिती सांगतो.

कॉलेज संपलं त्या वर्षी मी सेकंड हँड हॅचबॅक घेतली. लोअरिंग किटचे पैसे नव्हते, म्हणून एका गॅरेजवाल्याने ग्राइंडरने पुढच्या दोन्ही स्प्रिंगचा दीड-दीड वेढा कापून दिला. गाडी दिसायला एकदम झकास. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन धुळ्याला निघालो. एरंडोल सोडल्यावर एक मोठा खड्डा आला, चाक क्षणभर लटकलं आणि खाली येताना खाडकन आवाज झाला. स्प्रिंग बैठकीवरून सरकली होती. कशीबशी परत बसवली आणि रांगत रांगत पुढे निघालो. आई काही बोलली नाही. फक्त पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत दाराच्या वरची मूठ सोडली नाही तिने.

धुळ्यात एका पाटेवाल्या काकांनी गाडी पाहिली आणि हसले. "आम्ही जन्मभर पाटा वाढवला, तू कमी करून आला."

त्यांचं बरोबर होतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात. ट्रकच्या मागे पाट्यांची चळत असते, आणि जास्त माल भरायचा तर एक पाटा वाढवून घेतात. गाडी उचलली जाते, कडक होते. आपल्या साध्या मोटारींनाही पाटे होतेच. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे गोल स्प्रिंग आणि मागे पाटे. म्हणजे 'उंची बदलली की गाडीचा स्वभाव बदलतो' हे ज्ञान इथल्या हातांत आधीपासून आहे, फक्त उलट्या दिशेचं.

खाली बसवण्याची हौस वाढली ती तिकडे लॉस एंजेलिसमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली मेक्सिकन वस्तीतली पोरं जुन्या गाड्यांच्या डिकीत वाळूची पोती टाकायची, स्प्रिंग कापायची. हो, माझ्यासारखीच! सरकार वैतागलं. १९५८ पासून कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. मग १९५९ च्या सुमारास रॉन अ‍ॅग्विरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला, म्हणजे चक्क स्पोर्ट्स कारला, हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर!

पण उंचीचा प्रश्न सुटला म्हणून चालण्याचा सुटत नाही. स्प्रिंगचं गणित सोपं आहे. वेढे कमी झाले की कडकपणा वाढतो. सहातले दीड वेढे गेले की स्प्रिंग जवळजवळ एक तृतीयांशाने कडक. शॉकअप मात्र जुनाच, जुन्या स्प्रिंगला आवरण्यापुरताच. मग गाडी उड्या मारत राहते. शिवाय स्प्रिंग आखूड झाल्यामुळे चाक लटकलं की ती सैल पडते. माझं नेमकं हेच झालं. म्हणून चांगले बनवणारे कमी उंचीची स्प्रिंग वेगळीच घडवतात आणि तिच्या जोडीला आखूड दांड्याचा, जास्त आवर घालणारा शॉकअप देतात. जर्मनीच्या आयबाख आणि बिल्स्टाइन यांचे असे जोडसंच मिळतात. पैसे एकाच वस्तूचे असतील तर थांबा, जोडी घ्यायला जमेल तेव्हा घ्या. दोन इंच नको, एक इंच पुरे.

आता रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसचा १९८८ चा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. एवढा रुंद असला की अडीच मीटर अंतराच्या चाकांमध्ये त्याचा फुगवटा जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो, खाली बसलेली गाडीही आरामात निघते. पण गल्लीत कोणीतरी रात्रीतून उठवलेला डांबराचा अरुंद उंचवटा? तो आपली पूर्ण उंची पोटालाच दाखवतो. स्प्रिंग निवडण्याआधी टेप घेऊन आपल्या रोजच्या रस्त्यावरचे असे उंचवटे मोजा, हसू नका.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेशी विसंगत बदलाला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. किट विकणारा हे सांगत नाही. अपघातानंतर विमा कंपनीने हरकत घेतली तर तोही शेजारी उभा राहत नाही. कॅलिफोर्नियाने आपली बंदी उठवली ती थेट २०२४ मध्ये, ६६ वर्षांनी.

माझ्या गाडीला काकांनी कंपनीच्या मूळ स्प्रिंग बसवल्या. परतीच्या वाटेवर एरंडोल आलं तेव्हा आई म्हणाली, "आता जरा फास्ट चालव, अंधार पडतोय."