मक्ता घेण्यापूर्वीं

आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा आहे; परंतु त्याचा संबंध आपणांपैकीं पुष्कळांच्या घरांतील हिशोबाच्या वहीशीं आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरांत निराला बाजारांतून किंवा कॅनॉट प्लेसमधून फेरफटका मारला, तर बऱ्याच दुकानांच्या पाट्यांवर दुकानदाराचें नांव आढळत नाहीं. पाटीवरचें नांव दूरच्या एखाद्या कंपनीचें असतें आणि गल्ल्यावर बसलेला गृहस्थ मात्र आपल्याच गांवचा असतो. तें नांव लावण्याचा हक्क त्यानें पैसे भरून घेतलेला असतो. यालाच आजकाल फ्रँचायझी म्हणतात. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांतील नोकरी सुटलेला अथवा नोकरीला विटलेला, चाळिशी ओलांडलेला मनुष्य, हातीं आलेला प्रॉव्हिडंट फंड या वाटेला लावावा कीं नाहीं, या विवंचनेंत दिसतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकींही कांहीं जण हा प्रश्न घेऊन येतात. मी व्यापारी नव्हें. मीं आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला. तेव्हां इतिहास या बाबतींत काय सांगतो, एवढेंच मी सांगणार आहें.

शब्द नवा असला तरी वस्तु जुनी आहे. युरोपांत फ्रँचायझी या शब्दाचा मूळ अर्थ मोकळीक, म्हणजे राजानें कोणास दिलेली सूट किंवा खास अधिकार, असा होता. आपल्याकडे त्याच कल्पनेला इजारा आणि मक्ता हे दोन शब्द अरबींतून आले आणि मराठींत रुळले. धन्याच्या नांवावर वसूल करावयाचा, ठरलेली रक्कम धन्यास द्यावयाची, आणि उरेल तें आपलें. मात्र धन्याची रक्कम आधीं ठरते आणि आपलें उरेल तें शेवटीं कळतें. मक्त्याच्या साऱ्या इतिहासाचें बीज या एका गोष्टींत आहे.

पहिलें उदाहरण पुण्याचें घेऊं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत, म्हणजे १८१८ पूर्वींच्या वर्षांत, मामलती लिलांवानें दिल्या जाऊं लागल्या. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यानें त्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या पद्धतीचें वर्णन आहे. दरबारांतील मंडळींना चढी बोली करण्यास उत्तेजन मिळे, आणि या सट्ट्यांत पडण्यास जो कांकूं करी त्याच्यावर प्रसंगीं गैरमर्जी होई. पुढच्या वर्षीं पुन्हां लिलांव व्हावयाचा आणि ज्याची बोली अधिक त्याच्याकडे परगणा जावयाचा. एकाच वर्षाचा धनी असलेला मामलेदार रयतेचें हित तरी कशासाठीं पाहील? तो पोटमक्ते देई, पोटमक्तेदार त्याखालीं आणखी पोटमक्ते देई, आणि सर्वांचा भार शेवटीं गांवच्या पाटलावर व कुणब्यावर येऊन पडे. दोन गोष्टी येथें ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. एक, ज्या सौद्यांत बोली करण्याची घाई धनीच लावतो, तो सौदा धन्याच्या फायद्याचा असतो. दुसरी, मुदत जितकी आंखूड, तितकें मक्तेदाराचें भांडवल धोक्यांत.

दुसरें उदाहरण आमच्या या शहराशीं निगडित आहे आणि तें अधिक करुण आहे. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधु मूळचे ठाण्याच्या उत्तरेकडील तारापूरचे. कोंकणांतील जकातीचे मक्ते घेऊन त्यांनीं पेढी वाढविली. १८२५-२६ च्या सुमारास त्यांनीं वऱ्हाडांतील कापूस बैलांच्या पाठीवर लादून मोठ्या प्रमाणावर मुंबईस धाडला. खामगांवासारख्या ठिकाणीं कापूस दाबण्याचे स्क्रू त्यांनीं उभारले. आगगाडी येण्यापूर्वीं पावशतकाहून अधिक काळ आधींची ही गोष्ट आहे. हें त्यांचें स्वतःचें कर्तृत्व होतें. तें कोणाच्या सनदेवर अवलंबून नव्हतें.

पुढें मात्र ही पेढी निजामाच्या सरकारास कर्ज देऊं लागली. त्या वेळीं हैदराबादेस राजा चंदुलाल यांचा कारभार होता आणि खजिना सदैव रिकामा असे. कर्जाच्या फेडीसाठीं पेढीस वऱ्हाडांतील परगण्यांचा वसूल लावून देण्यांत आला. पेढीचा दरारा औरंगाबादेंत इतका वाढला कीं, येथील टांकसाळींत पडलेला रुपया पेस्तनशाही म्हणून ओळखला जाऊं लागला. व्यापाऱ्याच्या नांवानें नाणें चालावें, याहून मोठें वैभव तें कोणतें? पण १८४३ सालीं चंदुलाल पायउतार झाले आणि १८४५ सालीं परगणे पेढीच्या हातून काढून घेण्यांत आले. कर्ज अंगावर राहिलें, वसूल गेला, आणि ती नामांकित पेढी बसली.

आतां याच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. निजामाकडे इंग्रजांच्या कंपनीचीही बाकी होती, ती कंटिंजंट फौजेच्या खर्चाची. १८५३ सालीं त्या बाकीपोटीं तोच वऱ्हाड कंपनीकडे सोंपविला गेला, आणि तो निजामाकडे पुन्हां कधींच प्रत्यक्ष नांदला नाहीं. पेस्तनजीची थैली आणि कंपनीची थैली यांत फरक एवढाच कीं, कंपनीपाशीं फौज होती. कागद दोघांकडेही होता. तो अंमलांत आणण्याची शक्ति एकाकडेच होती. त्याच १८५३ सालीं पहिले सालारजंग दिवाण झाले आणि मक्त्यानें वसूल करण्याची रीत मोडून त्यांनीं पगारी अधिकारी नेमले. रयतेच्या दृष्टीनें तें इष्टच होतें. पण मक्तेदारांचा सबंध वर्ग त्या सुधारणेखालीं नाहींसा झाला. धन्याचें धोरण चांगल्या कारणानें बदललें तरीसुद्धां मक्ता जातोच.

कोणी म्हणेल, हे राजेरजवाड्यांचे प्रकार. आजच्या कंपन्यांशीं त्यांचा काय संबंध? तर तिसरें उदाहरण अमेरिकेचें घ्या. १८९९ सालीं चॅटनूगा येथील बेंजामिन थॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड या दोघां वकिलांनीं, कोका-कोलाचे मालक आसा कँडलर यांच्यापासून अमेरिकेच्या बहुतेक भागांत तें पेय बाटल्यांत भरून विकण्याचा हक्क मिळविला. किंमत ठरली एक डॉलर! वकिली सोडून या धंद्यांत पडलेल्या त्या गृहस्थांचें कल्याण झालें. त्याच कंपनीनें १९७७ सालीं, परकीय भांडवलाविषयींच्या कायद्यावरून सरकारशीं न पटल्यामुळें, हिंदुस्थानांतून काढता पाय घेतला. येथें बाटल्या भरणाऱ्यांचे कारखाने, मोटारी, माणसें जागच्या जागीं राहिलीं. फक्त अर्क येईनासा झाला. दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्स या बाटलीवाल्यांनीं कँपा कोला हें स्वतःचें पेय काढून धंदा सांवरला. १९९३ सालीं मूळ कंपनी परत आली. मधल्या सोळा वर्षांत, ज्याला स्वतः कांहीं करतां येत होतें, त्याला उभें राहण्यास जागा उरली.

यावरून मक्ता किंवा एजन्सी घेऊंच नये, असें मी म्हणत नाहीं. चौथें उदाहरण नेमकें उलट बाजूचें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. १८८८ सालीं त्यांचे बंधु रामूअण्णा यांच्यासह त्यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. माल परदेशचा, नांव परक्याचें. विक्री, दुरुस्ती आणि सायकल चालविण्यास शिकविणें एवढें यांचें. लक्ष्मणराव मुंबईस नोकरी करीत होते आणि दुकान रामूअण्णा पाहात होते. पुढें बढती डावलली गेली तेव्हां, १८९७ सालीं, लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला व बेळगांव गांठलें. नोकरी सोडण्याआधीं दुकान नऊ वर्षें चालून सिद्ध झालेलें होतें, ही गोष्ट त्यांच्या धाडसाचें कौतुक करतांना आपण सहसा विसरतों.

दुसऱ्याच्या यंत्रांची खोलाखोल करतां करतां त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र आणि लोखंडी नांगर बनविला. लोखंडानें जमीन नासते अशी समजूत होती, त्यामुळें पहिले नांगर खपण्यास बराच काळ लागला. गांवाच्या वाढीसाठीं नगरपालिकेस जागा हवी झाली आणि बेळगांवचा कारखाना उठवावा लागला. अशा वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळ जागा देऊं केली आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. सायकलींची विक्री ही त्यांची शाळा होती. तेथें जे शिकले, तें कोणताही धनी काढून घेऊं शकला नाहीं.

आतां आजचा हिशोब मांडूं. फ्रँचायझींत आरंभीं प्रवेशाची रक्कम द्यावी लागते आणि पुढें बहुधा दरमहा रॉयल्टी. ही रॉयल्टी सामान्यतः नफ्यावर नसून विक्रीवर असते. कल्पनेनें आंकडे घेऊन पाहा. एका दुकानांत पंचवीस लाख रुपये घातले. महिन्याची विक्री ५ लाख. मालास ३ लाख. भाडें ६० हजार, पगार ८० हजार, वीज व किरकोळ २० हजार. उरले ४० हजार. विक्रीवर शेंकडा ६ प्रमाणें रॉयल्टी ३० हजार. हातीं राहिले १० हजार. तेच पंचवीस लाख शेंकडा ७ व्याजानें बँकेंत ठेवले असते, तर महिना सुमारें साडेचौदा हजार घरीं बसून मिळाले असते. विक्री शेंकडा दहानें घटली, तर मालाचा खर्च २ लाख ७० हजार होईल, पण भाडें-पगार तेच राहतील; उरतील २० हजार आणि रॉयल्टी द्यावी लागेल २७ हजार. धन्यास सत्तावीस हजार मिळाले, आणि मक्तेदारास पदरचे सात हजार भरावे लागले. बाजीरावाच्या मामलेदाराची स्थिति याहून निराळी नव्हती.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांस मी चार प्रश्न विचारतों. मुदत किती, आणि ती वाढविणें कोणाच्या हातीं? तुमच्याच पेठेंत त्याच नांवाचें दुसरें दुकान न काढण्याचा करार आहे काय? ज्यांनीं हा मक्ता घेऊन सोडला, त्यांना तुम्हीं भेटलांत काय? चालू असलेले दुकानदार कंपनी दाखविते. बंद पडलेले आपणच शोधावे लागतात. आणि चौथा प्रश्न, उद्यां ती पाटी उतरविली, तर तुमच्याजवळ काय उरेल? आपल्या देशांत फ्रँचायझीसाठीं स्वतंत्र कायदा नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्यावर मुख्य भिस्त आहे. म्हणजे सही केलेला कागद हेंच सर्वस्व. तो वकिलाकडून वाचवून घेण्यास जो खर्च येतो, तो खर्च मानूं नये.

या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, आणि पैसा बुडाला तरी मुलांचें शिक्षण व घराचें छप्पर शाबूत राहात असेल, तर अवश्य पुढें व्हावें. धंद्याची ओळख नसलेल्या नोकरदारास तयार पद्धत, तयार माल आणि ओळखीचें नांव मिळणें, हा लहान लाभ नव्हे. शक्य तर घरांतील एकाची मिळकत चालू ठेवून दुसऱ्यानें आरंभ करावा. मात्र पाटीवरच्या नांवाच्या मोहानें जन्माची पुंजी एकदम ओतूं नये. नाण्यावर नांव चढलेल्या पेस्तनजीपाशीं शेवटीं दाव्याचे कागद उरले. सायकली विकणाऱ्या शिक्षकापाशीं विद्या उरली. मक्ता घेणाऱ्यानें पहिल्या दिवसापासून या दुसऱ्या गोष्टीचा संचय करीत राहावें, एवढेंच इतिहासाच्या आधारें मला सांगतां येतें.